मेण, मध आणि लाकडी साचा

'मेणबत्ती' हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्यातील मेण कोणाचे, हा प्रश्न मनात येत नाही. मेण म्हणजे मुळात मधमाश्यांचे मेण. आज दुकानातून आणलेल्या मेणबत्तीत बहुधा त्याचा अंशही नसतो; ती खनिज तेलापासून काढलेल्या पॅराफिनची असते. शब्द राहिला, वस्तू पालटली. ही वस्तू कशी घडत होती आणि कोणाच्या हातांत जात होती, हे पाहावयाचे तर दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया व शेजारचा ऑस्ट्रिया ह्या कॅथलिक प्रदेशांकडे वळावे. तेथे मेण केवळ वेदीवर जळत नव्हते. साच्यातून फुले, बाळे, गुरे, हातपाय अशी रूपे घेऊन ते घराघरांत पोहोचत होते.

वेदीवरील मेणाला ख्रिस्तसभेने प्राचीन काळापासून मान दिला. मधमाशी समागमाविना प्रजा निर्माण करते, अशी पूर्वीच्या विद्वानांची समजूत होती. म्हणून तिचे मेण हे कुमारी मरियेपासून जन्मलेल्या ख्रिस्तशरीराचे, वात ही त्याच्या आत्म्याचे आणि ज्योत ही त्याच्या ईश्वरत्वाचे प्रतीक ठरले. राणीमाशीचा समागम होतो, हे शास्त्राने पुढे सिद्ध केले. तथापि त्यामुळे प्रतीकाचे फारसे बिघडले असे मला वाटत नाही. पास्काच्या जागरणविधीतील मेणबत्तीच्या स्तुतिगीतात माश्यांच्या श्रमाचा उल्लेख आजही आहे. 1973 च्या इंग्रजी भाषांतरातून त्या बिचाऱ्या गळल्या होत्या. 2011 मध्ये वापरात आलेल्या नव्या भाषांतरात त्या परत आल्या.

परंतु मेण महाग होते. एक किलो मेण स्रवण्यासाठी माश्यांना सुमारे सहा ते आठ किलो मध खर्चावा लागतो, असा अंदाज केला जातो. गोरगरिबांच्या घरी जनावरांच्या चरबीची, धुरकट व दुर्गंधी बत्ती जळे. असे मौल्यवान मेण शेतमजुराच्या घरी पोहोचले कसे? त्याचे उत्तर एका जोडधंद्यात सापडते.

बव्हेरिया-ऑस्ट्रियात 'लेब्त्सेल्टर' नावाचा कारागीर असे. तो मसाले घातलेली मधाची वडी भाजी. पोळ्यातून मध निघाला की उरलेल्या चोथ्यातून मेण निघे. म्हणून तोच मेणबत्त्याही करी. पोळी धुतलेल्या पाण्याचे मधाचे मद्यही त्याच्याच दुकानी मिळे. पोळ्याचा कोणताही भाग वाया जात नव्हता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साचाही एकच होता. पेअर ह्या फळझाडाच्या घट्ट लाकडात उलटी नक्षी कोरून केलेल्या फळीवर आज मधाचे पीठ दाबावे, उद्या तिच्यावरच मेण ओतावे. पाळण्यातील बाळ, हृदय, घोडेस्वार, संत निकोलस हे सारे जत्रेत खाऊ म्हणूनही मिळत आणि घरात टांगावयाचे मेणचित्र म्हणूनही. ऑस्ट्रियातील मारियात्सेल ह्या तीर्थक्षेत्री मधाच्या वड्या, मद्य आणि मेणबत्त्या आजही शेजारी शेजारी विकल्या जातात.

येथे कारागिरीतील एक बाब सांगितली पाहिजे. मधमाशीचे मेण थंड होताना आकसते, पण त्याच वेळी साच्याला चिकटूनही बसते. म्हणून त्या काळी मोठी मेणबत्ती साच्यात ओतीत नसत. टांगलेल्या वातींवर पळीने मेण पुन्हा पुन्हा ओतीत आणि कोमट असतानाच ती ओल्या फळीवर लाटून गुळगुळीत करीत. साचा राखून ठेवला जाई तो नक्षीसाठी. लाकडी साचा आधी पाण्यात भिजत ठेवावयाचा, बाहेर काढून पुसावयाचा आणि मग नुकतेच वितळलेले, फार न तापलेले मेण त्यात ओतावयाचे. लाकूड पाणी प्यायलेले असल्याने मेण त्यात मुरत नाही. पोकळ मूर्तीसाठी दोन अर्धे साचे दोरीने आवळून बांधीत, मेण ओतून साचा फिरवीत आणि कडेला थर धरला की आतले पातळ मेण पुन्हा भांड्यात ओतीत. राहिलेली शिवण चाकूने खरवडली की मूर्ती तयार. दुपट्यात गुंडाळलेला बाळ येशू असाच जन्मास येई. पांढरे मेण हवे असल्यास त्याच्या पातळ फिती कापडावर पसरून आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवीत. मृतांसाठीच्या मिस्सेला मात्र न उजळलेले पिवळे मेणच लागे.

ह्या कलेचा सर्वांत हृद्य प्रकार म्हणजे 'वाक्सश्टॉक'. दोन मोठ्या चाकांमधून लांबच लांब वात पातळ मेणातून ओढून घेत आणि तिची गुंडाळी करीत. साधी गुंडाळी हिवाळ्यातील पहाटेच्या मिस्सेला बाकावर चिकटवून लावीत. तिच्या उजेडात प्रार्थनापुस्तक वाचता येई. शोभेची गुंडाळी पुस्तकाच्या आकाराची असे. तिच्यावर साच्यातून काढलेली फुले व पाने बसवीत, मध्ये मरियामातेचे चित्र. दोन फेब्रुवारी हा बालयेशूच्या मंदिरातील समर्पणाचा, मेणबत्त्या आशीर्वादित करण्याचा सण. तेथील शेतावरील गडीमाणसांचे वर्षही त्याच दिवशी संपत असे. त्या दिवशी गडी आपले अंथरूण वर्षभर घालणाऱ्या मोलकरणीला अशी एक गुंडाळी भेट देई. वर्षभराच्या कष्टांची ती पावती होती. आणि त्या बाईच्या मालकीची सुंदर वस्तू कदाचित तीच एक असे. कित्येक जणी ती कधीच पेटवीत नसत. कपाटातील कपड्यांच्या घडीत जपून ठेवीत. अशा न जळलेल्या गुंडाळ्या आज संग्रहालयांत दिसतात. जळण्यासाठीच केलेली वस्तू जळली नाही, ह्यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

दुसरा मोठा प्रवाह नवसाचा. मध्ययुगात आजारी मुलाच्या वजनाइतके मेण तीर्थक्षेत्री वाहण्याची चाल होती. पुढे साच्यातून काढलेले अवयव आले : हात, पाय, डोळे, तसेच गायी व घोडे. बव्हेरियातील स्त्रिया गर्भाशयाच्या विकारासाठी मेणाचा बेडूक वाहत. आज आपल्याला ते चमत्कारिक वाटेल. पण जे दुखणे सांगण्याची लाज वाटे, ते मुक्याने सांगण्याची ती एक रीत होती. हे वाचताना आपल्याला वांद्र्याची मोतमाउली आठवल्याशिवाय राहणार नाही. सप्टेंबरच्या जत्रेत तेथील दुकानांत मेणाचे हातपाय, बाहुल्या, घरे मांडलेली असतात. ही प्रथा बव्हेरियातून आली असे नव्हे. पोर्तुगीज जगातही ती होती आणि फातिमा येथे आजही आहे. मूल, घर आणि दुखणारे अंग ह्यांची चिंता मात्र दोन्हीकडे एकच.

ह्या धंद्याला धक्के बसले ते दोन दिशांनी. सम्राट दुसरा जोसेफ ह्याने 1780 नंतरच्या दशकात तीर्थयात्रांवर निर्बंध घातले आणि 1783 च्या उपासनाविषयक आदेशाने वेदीवरील मेणबत्त्यांची संख्याही ठरवून दिली. भक्ती साधी व विवेकी व्हावी, हा त्याचा हेतू वाईट नव्हता. पण बेडूक वाहणाऱ्या बाईला त्यात कोणी विचारले नव्हते. दुसरा धक्का रसायनशास्त्राचा. शेव्ररल व गे-ल्यूसॅक ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1825 मध्ये स्टिअरिनच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले आणि 1850 नंतर पॅराफिन आले. हे पदार्थ स्वस्त होते आणि यंत्राच्या धातूच्या साच्यातून अलगद सुटत. मेणबत्ती गरिबाच्या घरी खऱ्या अर्थाने पोहोचली ती त्यांच्यामुळेच, हे नाकारता येणार नाही. रोमने 14 डिसेंबर 1904 रोजी नियम केला की, पास्काची व मिस्सेच्या दोन मेणबत्त्यांत बहुतांश मेण मधमाशीचेच असावे. दुसऱ्या व्हेटिकन परिषदेनंतर हा नियम सैल झाला. 1988 च्या रोमच्या परिपत्रकात एवढेच म्हटले आहे की, पास्काची मेणबत्ती मेणाची असावी, कृत्रिम नसावी आणि दरवर्षी नवी असावी.

एखाद्या कुटुंबाला घरी हा प्रयोग करावासा वाटला, तर तो अवघड नाही. मधमाशीचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते. ते थेट आचेवर कधीही ठेवू नये. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात वितळवावे आणि मुलांना दूर ठेवावे. आज मिळणाऱ्या लवचिक सिलिकॉनच्या साच्यातून ते सहज सुटते. आपल्या घरी शंकरपाळ्यांसोबत नाताळात लाकडी साच्याचे गोड पदार्थ होत असतील, तर तोच साचा भिजवून पाहावा. मात्र मेण लागलेला साचा पुन्हा खाण्याच्या कामी आणू नये. निघालेले फूल वा कोकरू उलट्या बाजूने कोमट चाकूने किंचित मऊ करून मेणबत्तीवर दाबले की चिकटते. वात सुती आणि पॅराफिनला लागते त्याहून जाड घ्यावी, नाहीतर ज्योत मेणात बुडते. काही महिन्यांनी अशा मेणबत्तीवर पांढरट थर धरतो. ती बुरशी नव्हे, खऱ्या मेणाची खूण आहे; मऊ कापडाने पुसली की खालचा पिवळा रंग पुन्हा दिसू लागतो.