काजीचा शिक्का आणि गोताच्या निशाण्या

मोहोळहून कुरूल, कामती ही गावे मागे टाकीत दक्षिणेकडे निघालेला प्रवासी भीमेच्या काठी येऊन पोहोचतो ते बेगमपुरास. औरंगजेबाच्या घराण्यातील एका स्त्रीची कबर येथे असल्यामुळे गावास हे नाव पडले, अशी स्थानिक परंपरा आहे. पैलतीरी माचणूरची तटबंदी आणि सिद्धेश्वराचे देऊळ आहे, आणि त्याच परिसरातील ब्रह्मपुरीस 'इस्लामपुरी' हे नवे नाव देऊन बादशहाने १६९५ ते १६९९ पर्यंत तेथे आपला तळ ठेवला होता. आज जेथे उसाच्या फडाकडेला पाण्याचे पंप घुरघुरतात, तेथे त्या काळी साऱ्या हिंदुस्थानचा दरबार भरत असे; आणि दरबार म्हटला की त्याच्या मागोमाग मुफ्ती, काजी आणि अदालत ही आलीच.

या अदालतीचे शास्त्र उच्च दर्जाचे होते, हे आधीच मान्य केले पाहिजे. साक्ष द्यावयाची ती स्वतःच्या, आईबापांच्या वा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी द्यावी, आणि एखाद्या समाजाविषयीच्या वैरापायी त्याच्यावर अन्याय करू नये, असे कुराणाचे सांगणे आहे. आणि पुरावा वादीने द्यावा, नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी, काजीने बसावयास जागा देताना आणि पाहतानासुद्धा दोन्ही पक्षांत भेद करू नये, हे दंडक दुसरे खलिफा उमर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पत्रातून पुढच्या पिढ्यांस मिळाले. औरंगजेबाने तर आपल्यावरच कोणाची फिर्याद असेल तर तिला उत्तर देण्यासाठी जागोजाग शरई वकील नेमले होते. फिर्याद करण्याची छाती किती जणांस झाली असेल, हा प्रश्न निराळा.

परंतु शास्त्राची कसोटी लागते ती राजाची इच्छा आणि ग्रंथाचे वचन यांची फारकत होते तेव्हा. साम्राज्याचा मुख्य काजी शेख-उल-इस्लाम हा अब्दुल वहाब या धनाढ्य काजीचा मुलगा. बापाने त्या पदावर बसून जमविलेल्या संपत्तीतील आपला वाटा त्याने घेतला नाही. विजापूर आणि गोवळकोंडा या मुसलमानी राज्यांवर चालून जाणे धर्मसंमत आहे काय, असे बादशहाने विचारले तेव्हा या गृहस्थाने अनुकूल निर्णय देण्याचे साफ नाकारले, पद सोडले आणि मक्केची वाट धरली. मोहीम अर्थातच थांबली नाही: १६८५ साली शाही फौजा सोलापुरास येऊन ठेपल्या आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात विजापूर पडले. तरीही सोलापूर प्रांताच्या इतिहासात त्या फौजांपेक्षा हा नकार मला अधिक मोलाचा वाटतो.

याच्या उलट बाजूचा प्रसंग ब्रह्मपुरीचा तळ हलल्यावर लगेच घडला. साताऱ्याच्या वेढ्यात किल्ल्यातील चार मुसलमान आणि नऊ हिंदू असे तेरा जण पकडले गेले. काजी मुहम्मद अक्रम याने प्रथम सौम्य निर्णय दिला; बादशहाने तो परत पाठवून दुसऱ्या एखाद्या मताने पाहा म्हणून फर्माविले; आणि मग त्याच बादशहाच्या आज्ञेने संकलित झालेल्या 'फतावा-ए-आलमगिरी'तून देहान्ताचा आधार शोधून काढण्यात आला. रमजानचा महिना होता. सूर्यास्ताला रोजा सुटण्यापूर्वीच तेराही जणांची शिरे उडविली गेली.

दरबारात काजी एकटा होता. गावात तो एकटा कधीच नसे, आणि माझ्या मते सारा फरक येथेच पडला. आदिलशाहीच्या अंमलापासून या मुलुखात वतनाचा तंटा उभा राहिला की तो मजालसीपुढे जाई. तीत हवालदार, काजी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार हे एकत्र बसत. वादी-प्रतिवादी प्रथम राजीनामा, म्हणजे निकाल मान्य करण्याची लेखी कबुली, आणि जामीन देत, मग तकरीर, म्हणजे दोन्ही पक्षांची कैफियत, लिहून घेतली जाई, साक्षी होत, आणि शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, तयार होई. त्या लांबट कागदाच्या माथ्याजवळ काजीचा फारसी शिक्का असे आणि खाली गोताच्या, म्हणजे सभेस बसलेल्या गावकऱ्यांच्या, निशाण्या उमटत: पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा. ज्यास अक्षर येत नव्हते त्याचेही मत कागदावर असे. जिंकणाऱ्याने हरकी भरावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावी आणि येजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा लेख, लिहून द्यावे, असा रिवाज होता. सरकारला दोन्हीकडून पैसा मिळे हे खरे. फुकटचा न्याय कोणत्या राज्यात मिळाला आहे?

पुराव्याने निकाल लागेना तर रवादिव्य होई: हात धुवून, नखे काढून, उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा उचलायचा, मग हातावर पिशवी बांधून मोहर करायची आणि ती पुढे सर्वांसमक्ष उघडायची. शरियतीत याला आधार नाही. तरी अशा निवाड्यांच्या कागदांवर काजीचा शिक्का असे. ग्रंथनिष्ठ पंडितास हे खटकेल, पण गावाला जो पुरावा पटतो तो टाळून दिलेला निकाल गावात टिकत नाही, हे त्या काजीस ठाऊक होते.

मसूरच्या पाटिलकीसाठी जगदाळ्यांशी भांडणाऱ्या बापाजी मुसलमानाचे प्रकरण याच परंपरेतले. वाद पैठणच्या धर्मसभेपर्यंत गेला, निकाल बापाजीच्या विरुद्ध लागला, आणि इब्राहीम आदिलशहा दुसरा याने आपल्या धर्माच्या माणसासाठी तो फिरविला नाही.

पेशवाई बुडून इंग्रजी अंमल आला तशी मजालस मोडली. १८६४ च्या कायद्याने सरकारी काजीची नेमणूकच संपली, आणि १८८० च्या काजी कायद्याने ती पुन्हा सुरू झाली ती न्यायाचा कोणताही अधिकार न देता. मोहोळच्या बाजूला निकाहाच्या मांडवात काजी आजही वही उघडून बसतो, मेहेरची रक्कम मोठ्याने विचारतो, आणि दोन साक्षीदारांदेखत वधूची कबुली आल्यावाचून पुढचे अक्षर लिहीत नाही.