फाजील

इंग्रजींतील 'सरप्लस' हा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. त्याचा 'ओव्हरप्लस' नांवाचा भाऊ मात्र आतां क्वचितच भेटतो. फ्रेंच 'सर'चें इंग्रजांनीं 'ओव्हर' असें भाषांतर केलें आणि 'प्लस' तसाच ठेविला. शेक्सपिअरला हा जोडशब्द चालला, आजच्या हिशेबनिसाला चालत नाहीं. परंतु परक्यांच्या वंशावळींत रमण्यापूर्वीं आपल्या घरच्या 'फाजील'कडे पाहावें, असें आम्हांस चकलांबा येथें वाटलें.

गेवराई तालुक्यांतील या गांवीं आम्ही एका वयोवृद्ध गृहस्थांकडे उतरलों होतों. आपल्या लहानपणच्या उर्दू शिक्षकांविषयीं ते म्हणाले, "फार आलिम-फाजील माणूस होते!" आणि त्याच दमांत ओसरीवर धिंगाणा घालणाऱ्या पणतवाला त्यांनीं दटावलें, "फाजीलपणा पुरे!" एकाच शब्दानें एकाचा गौरव, दुसऱ्याची खरडपट्टी, बोलणाराला त्यांत विसंगति जाणवलीही नाहीं.

ती नव्हतीच. मूळ अरबी धातूचा अर्थ शिल्लक उरणें, वरचढ असणें असा आहे. ज्याच्यापाशीं विद्या इतरांहून अधिक, तो फाजील. 'अबुल फजल' यांतील फजलही त्याच कुळांतला. मराठीनें फारसीच्या वाटेनें हा शब्द घेतला, पण त्यांतील मर्यादा ओलांडणें तेवढें उचललें: फाजील खर्च, फाजील लाड, फाजील आत्मविश्वास. निजामी राज्यांत १९४८ पर्यंत सरकारी कारभार उर्दूंत चालल्यामुळें बीडकडील कानांवर विद्वत्तेचा अर्थही पडत राहिला. पुण्याकडे तो कोशांतच शोधावा लागतो.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशानें फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढें माधवराव पटवर्धनांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश केला आणि तेच नंतर भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. दोन्ही उद्योगांविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि 'फाजील' हद्दपार करून तेथें 'अतिरिक्त' बसविला, तर त्या पणतवाला "अतिरिक्तपणा पुरे" असें कोण म्हणणार? कचेरींतून शब्द काढतां येतो. ओसरीवरून तो निघत नाहीं.

शिवाय जास्तीच्या गोष्टीकडे असें दुहेरी पाहण्याची संवय आपणांस अरबांनीं लावली नाहीं. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं तोकडें. ती तूट भरून काढण्यास साधारण ३२-३३ महिन्यांनीं एक महिना वाढवावा लागतो. त्याला आपण मलमास म्हणून हिणविलें, लग्नमुंजींना वर्ज्य ठरविलें, आणि त्यालाच पुरुषोत्तममास म्हणून डोक्यावरही घेतलें. मराठवाड्यांत तो धोंड्याचा महिना. त्यांत जावई सासुरवाडीस येतो आणि त्याच्यापुढें अनारशांचें ताट ठेवलें जातें.