भरीव लाकडी फलक
इमारतीच्या भिंती, तक्तपोशी व छपरे यांसाठी लाकडी पट्ट्यांचे थर चिकटवून केलेले जाड तक्ते. लगतच्या थरांतील पट्ट्या परस्परांशी काटकोनात ठेवतात. थर बहुधा ३, ५ वा ७ असतात. आर्द्रतेनुसार लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ नाही. त्यामुळे प्रत्येक थर शेजारच्या थराची हालचाल रोखतो आणि तक्ता मुरडत नाही. प्लायवुडचे तत्त्व हेच. पण त्यात ओंडका सोलून काढलेले पातळ पापुद्रे असतात.

पूर्वी लाकडाचा हा दोष योग्य झाड निवडून टाळीत. साग कमी आकसतो व वाळवीला सहसा बळी पडत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सु. दोन हजार वर्षे टिकून आहेत. वाड्यांच्या तक्तपोशीला रुंद सागवानी फळ्या लागत आणि रुंद फळीसाठी जाड, जुना बुंधा लागे.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सागासाठी प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग व मुंबई शहर यांची मागणी वाढली. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगले ठरविण्यात आली. लाकूड, राब व चराईवरील निर्बंधांमुळे रयतेचा असंतोष इतका वाढला, की १८८५ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला. सागाच्या सान्निध्यात राहणाऱ्या सापगाव परिसरातील गरिबांची घरे मात्र कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून उभी राहत; साग त्यांच्या अंगणापलीकडे उभा असूनही त्यांचा नव्हता. स्वातंत्र्यानंतर कूपतोडीचे काम ठेकेदारांकडून काढून जंगल कामगार सहकारी संस्थांना देण्यात येऊ लागले, हा त्यातल्या त्यात न्याय्य बदल होय. खाजगी जमिनीवरील साग तोडण्यासही १९६४ च्या अधिनियमान्वये परवानगी लागते.

भरीव फलकांची आधुनिक पद्धत १९९० नंतर ऑस्ट्रिया व जर्मनी या देशांत विकसित झाली. तेथे मुख्यत्वे स्प्रूसचे मऊ लाकूड वापरतात. अमेरिकेत मिल्वॉकी येथे २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या २५ मजली इमारतीचे वरचे मजले जोडलाकडाचे आहेत. भारतात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठविली.

जाड बुंध्यांची गरज नसल्याने सागाच्या लागवडीतील विरळणीचे बारीक ओंडकेही या कामी येऊ शकतील. परंतु ज्या तेलकट द्रव्यांमुळे साग टिकतो, तीच सरस धरू देत नाहीत. म्हणून पट्ट्या रंधून लगेच चिकटवाव्या लागतात.