रिट्राय आणि नगरच्या किल्ल्यातली पत्रं

ट्वाइनने पायपीआयवर पॅकेज चढवताना मधेच नेट गेलं की आपण काय करतो? पुन्हा एंटर! पण नेमकं फेल काय झालं? कनेक्शनच लागलं नाही? पॅकेज पोचलं, पण 'पोचलं' हा निरोप हरवला? की सर्व्हरने सरळ नाही म्हटलं? तिन्हींवर उपाय वेगळे. तिसऱ्या प्रकाराबद्दल विचार करताना मला नेहमी नगरचा (आताचं अहिल्यानगर) भुईकोट किल्ला आठवतो.

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीला इंग्रजांनी या किल्ल्यात आणलं. त्यात काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझादही होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उर्दूत पत्र लिहिलं आणि पुढेही लिहीत राहिले. पण ती पाठवायची सोयच नव्हती.

म्हणजे हा टाइमआउट नव्हे, सरळ ४०३. शंभरदा रिट्राय करा, उत्तर तेच. आझाद मात्र प्रत्येक पत्र पुरं करून, तारीख घालून जपून ठेवत गेले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. शेवटची भेटसुद्धा झाली नाही. त्याबद्दलचं पत्रही, ११ एप्रिल अशी तारीख घालून, त्याच गठ्ठ्यात गेलं. १९४५ मध्ये सुटका झाली आणि १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक निघालं. आज ते उर्दू गद्यातलं मानाचं पुस्तक आहे. पत्रं पाठवता येत नाहीत म्हणून फाडली असती तर?

आता आपल्याकडे येऊ. कनेक्शन लागत नसेल किंवा ५०३ आलं, तर थांबून पुन्हा पाठवा, दर वेळी थोडं जास्त थांबा. पोचलं की नाही कळत नसेल तर तीच फाइल जशीच्या तशी पाठवा. हुबेहूब तीच फाइल आधीच असेल तर पायपीआय कुरकुर करत नाही. पण नव्याने बिल्ड करून त्याच नावाची वेगळी फाइल पाठवलीत, तर ती नाकारली जाते. आणि ४०३ आलं तर लूप बंद करा, टोकन तपासा.

तिन्ही वेळा तयार पॅकेज मात्र जपायचंच. सीआयवर जॉब संपला की मशीनबरोबर डिस्ट फोल्डरही जातो. म्हणून अपलोडच्या आधीच तो आर्टिफॅक्ट म्हणून बाजूला ठेवा. दोन ओळींचं काम आहे, सोमवारी ऑफिसात गेल्यावर करून टाका.