यमुना आणि यमू
बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीची नायिका पतीसमवेत प्रवास करते व ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे जाणून घेते. तिचे हे पाहणे-ऐकणे हाच कथेचा गाभा होय. परंतु तिला स्वतःला वैधव्य येताच लेखकाने धर्मांतर व पुनर्विवाह यांतून तिची सुटका केली. कथा अखेर विवाहापाशीच येऊन थांबली. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो!’मध्ये हा दिलासा नाकारला. १८९० पासून ‘करमणुकी’त क्रमशः आलेल्या या कादंबरीत यमूचा पती रघुनाथ प्रेमळ आहे, तथापि कादंबरीचा भार त्या प्रेमावर नाही. यमू आपली हकीकत आपणच सांगते, सक्तीच्या केशवपनापर्यंतची. तिच्या शिक्षणाला उत्तेजन दिले होते, ते मात्र रघुनाथानेच.