प्रपंचशास्त्र ते गृहविज्ञान : एका शालेय विषयाच्या नावांचा इतिहास

इ. स. १८७८ मध्ये महादेव गोविंद रानडे यांची पुण्याहून नाशिकला न्यायखात्यात बदली झाली. त्यांच्या पत्नी रमाबाई त्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या. १८७३ मध्ये लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुण्याच्या मोठ्या कुटुंबात घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून त्यांनी वाचन-लेखन आत्मसात केले. नाशिकला आल्यावर त्यांना प्रथमच स्वतंत्र बिऱ्हाड मिळाले, आणि घराचा सर्व भार अंगावर घेऊन शिकणे चालू ठेवण्याचा प्रसंगही तेथेच आला. नाशिकच्या हायस्कुलातील एका समारंभात त्या प्रथम लोकांसमोर बोलल्या. ते भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. या दिवसांचे वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या ग्रंथात आले आहे.

त्या पिढीच्या स्त्रीला स्वयंपाक, निवडटिपण, आल्यागेल्याचे पाहणे आणि खर्चाचा मेळ घालणे ही कामे कोणत्याही शाळेने शिकवलेली नव्हती. ती आई, आत्या, सासू यांच्या हाताखाली शिकावयाची असत. घर जे फुकट आणि नित्य शिकवीत होते ते शाळेने वर्गात बसवून, पुस्तक लावून आणि परीक्षा घेऊन का शिकवावे, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. ज्याला आज गृहविज्ञान म्हणतात त्या विषयाचा महाराष्ट्रातील इतिहास म्हणजे या प्रश्नाला वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय. आणि ती उत्तरे विषयाला मिळालेल्या नावांत बरीचशी उमटलेली आहेत.

पहिले उत्तर सरकारी होते. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यास मुलांच्या मानाने सोपा असावा आणि तो घरगुती जीवनाच्या गरजा ध्यानात घेऊन आखावा, अशी शिफारस केली. त्याच आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली होती. मागणी आणि शिफारस यांतील हे अंतर लक्षणीय आहे. मुलींच्या शाळांतून प्रत्यक्षात आले ते मुख्यतः शिवणकाम. धावदोरा, हातशिलाई, टीप, काज, रफू अशा पायऱ्यांनी ते शिकवता येत असे, आणि मुख्य म्हणजे त्याचे नमुने कापडाच्या तुकड्यावर तपासनिसाला दाखवता येत असत. या विषयाला ‘शास्त्र’ हे पद अद्याप मिळालेले नव्हते. ते ‘काम’च होते.

१८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. पुढे ते हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या उभारणीत रानडे, वामन आबाजी मोडक आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा हात होता. त्यासाठी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंनी केले. नाशिकला पतीने लिहून दिलेले भाषण करणारी स्त्री सहा वर्षांत येथवर पोहोचली होती. या हायस्कुलाच्या शिक्षणक्रमावर १८८७ मध्ये बाळ गंगाधर टिळकांनी कडक टीका केली. शाळेची वेळ फार लांब असल्याने मुलींना घरकाम शिकण्यास सवड उरत नाही, आणि इंग्रजी वळणाचे विषय त्यांच्या संसारात उपयोगी पडणारे नाहीत, असा तिचा रोख होता. दुसऱ्या टोकाला गोपाळ गणेश आगरकर होते. १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू झाल्यानंतर त्यांनी जो निबंध लिहिला त्याचे शीर्षकच ‘स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे’ असे आहे. वाद केवळ वेळापत्रकाचा नव्हता. मुलीला शाळेत ठेवावयाचे तर तिच्या घराला कोणता भरवसा द्यावा, हा त्याचा गाभा होता. घरकामाचा तास हा या व्यवहारात शाळेने दिलेला जामीन होता. मुलगी शिकली तरी चूल विसरणार नाही, एवढेच त्या तासाने पालकांना सांगावयाचे होते.

या जामिनाला तत्त्वाचे रूप दिले ते धोंडो केशव कर्वे यांनी. जपानी शिक्षणतज्ज्ञ नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये टोकियो येथे स्थापन केलेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती. त्या संस्थेत आरंभापासून गृहशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना कर्व्यांनी तशीच कल्पना मांडली, आणि जून १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी आवश्यक भाषा म्हणून, आणि जोडीला आरोग्यशास्त्र, गृहजीवनशास्त्र, प्रपंचशास्त्र, पाकशास्त्र यांसारखे विषय, असा त्याचा आराखडा होता. गणित मात्र ऐच्छिक ठेवले गेले. कर्वे स्वतः १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. आपला विषय सर्वांना आवश्यक नाही असे म्हणणारा अध्यापक विरळाच. पण या औदार्याची किंमत विद्यार्थिनींनी दिली. गणित व भौतिक शास्त्रे सोडलेल्या मुलीला वैद्यक किंवा विज्ञान या शाखांकडे वळण्याचा रस्ता उरत नव्हता. शिवाय विद्यापीठाला कायद्याची मान्यता १९४९ च्या अधिनियमाने मिळून १९५१ मध्ये ती अमलात आली. तोपर्यंतच्या पस्तीस वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या स्त्रियांना आपल्या पदवीचे वजन प्रत्येक ठिकाणी समजावून सांगावे लागे. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. परंतु देणगीने मान्यता येत नाही.

या काळातील शब्दांकडे जरा थांबून पाहणे इष्ट ठरेल. ‘प्रपंच’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ विस्तार, पसारा. वेदान्तात तो दृश्य जगाचा वाचक झाला, आणि मराठी संतवाङ्मयात ‘परमार्था’चा जोडीदार होऊन घरसंसारात उतरला. मराठीत प्रपंच पुरुषही करतो; किंबहुना ‘प्रापंचिक माणूस’ म्हटले की प्रथम पुरुषच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे ‘प्रपंचशास्त्र’ हे नाव केवळ स्त्रीकडे बोट दाखवीत नव्हते. ‘गृह’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. ‘गृहस्थ’ आणि ‘गृहिणी’ हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले. पण मराठीत ‘गृहस्थ’ घराबाहेर पडून कोणत्याही सभ्य पुरुषाचा वाचक झाला, तर ‘गृहिणी’ घरातच राहिली. ‘एक गृहस्थ भेटले’ असे म्हणताना त्यांना घर आहे की नाही याची कोणी चौकशी करीत नाही. म्हणून ‘प्रपंच’ मागे पडून ‘गृह’ रूढ झाले तेव्हा विषयाची विद्यार्थिनी कोण हे नावातच ठरून गेले. महिला विद्यापीठाच्या पदवीला ‘गृहीतागमा’ असे सुंदर नाव होते. तिचा ‘गृहा’शी काहीही संबंध नाही, जिने विद्या ग्रहण केली आहे ती, असा त्याचा अर्थ. पण ऐकणाऱ्याच्या कानावर पहिला आघात ‘गृह’ याचाच होतो.

‘शास्त्र’ हा शब्दही निरपराध नाही. १८७५ चे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ घ्यावे: तेथे शास्त्र म्हणजे रीत, असे करावे आणि असे करू नये. धातूच ‘शास्’, म्हणजे आज्ञा करणे. ‘विज्ञान’ मात्र पदार्थ का शिजतो, दूध का नासते, हे विचारते. स्वातंत्र्यानंतर ‘गृहविज्ञान’ हे नाव प्रचारात आले ते या दृष्टीने शुभचिन्ह होते, निदान कागदावर.

पश्चिमेकडे ही ओढाताण आधीच होऊन गेली होती. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १८७३ मध्ये पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री रसायनज्ञ एलेन रिचर्ड्स यांनी पाण्याची व अन्नाची परीक्षा करता करता घराचे रसायन मांडले. १८९९ मध्ये लेक प्लॅसिड येथे भरलेल्या परिषदेत त्यांच्या मंडळींनी ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव स्वीकारले. ग्रीकमध्ये ‘ओइकोस’ म्हणजे घर आणि ‘ओइकोनोमिया’ म्हणजे घराची व्यवस्था. तेव्हा या नावात घर दोनदा आले आहे. तरीही प्रयोगशाळेचे दार उघडत नव्हते तेव्हा रिचर्ड्स यांच्यासारख्या स्त्रियांनी याच विषयाच्या आडून रसायन आणि जंतुशास्त्र स्त्रियांपर्यंत नेले, हे विसरता येत नाही.

भारतात १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी सात शाखा सुचवल्या आणि त्यांत गृहविज्ञानाला शेती, व्यापार, तंत्रविद्या यांच्या पंक्तीला बसवले. पंगत एक असली तरी पाने वेगळी होती: तंत्रविद्येच्या पानावर मुलगा आणि गृहविज्ञानाच्या पानावर मुलगी, हे कोणी लिहिले नाही, पण सर्वांना ठाऊक होते. याविरुद्ध स्पष्ट बोलल्या त्या हंसा मेहता. बडोद्याच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू या नात्याने त्यांनीच १९५० मध्ये तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी केली होती; म्हणजे विषयाबद्दल त्यांना तिटकारा होता असे कोणी म्हणू शकणार नाही. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ असे शब्द त्यांच्या आग्रहाने आले. शब्दाची किंमत जाणणाऱ्या या विदुषीच्या समितीने १९६४ मध्ये आपल्या अहवालात मुलगा-मुलगी या भेदावर अभ्यासक्रम वेगळे करू नयेत, आणि गृहविज्ञानाचे प्राथमिक ज्ञान मुलांनाही द्यावे, अशी भूमिका घेतली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ती उचलून धरली. गृहविज्ञान मुलींना सक्तीचे नसावे आणि त्यांना गणित व विज्ञान शिकण्याची सोय व उत्तेजन मिळावे असे सांगितले.

महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि गणित व विज्ञान मुलामुलींना सारखेच आवश्यक ठरले. आगरकरांच्या निबंधाचा पूर्वार्ध असा जवळजवळ नव्वद वर्षांनी सरकारी परिपत्रकांतून अमलात आला. मात्र मेहता समितीच्या सूचनेचा अर्धाच भाग स्वीकारला गेला. मुली गणिताच्या तासाला गेल्या. मुलगे गृहविज्ञानाच्या तासाला आले नाहीत. विषय ऐच्छिकांच्या यादीत सरकला, आणि आहार, जमाखर्च, आजाऱ्याची शुश्रूषा यांचे जे ज्ञान सर्वांना मिळावे असे म्हटले होते ते बहुतेकांच्या वाट्याला आलेच नाही. महाविद्यालयीन पातळीवर कर्व्यांचा प्रवाह चालू राहिला; नाशिकमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचे महिला महाविद्यालय नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाशीच संलग्न आहे.

अमेरिकेतील संघटनांनी १९९३ मध्ये ‘होम इकॉनॉमिक्स’ सोडून ‘कुटुंब आणि ग्राहक यांची विज्ञाने’ अशा अर्थाचे नाव घेतले, आणि ‘घर’ हा शब्द नावातून गेला. मराठीत असा बदल झालेला नाही. ‘गृहविज्ञान’ आणि बोलण्यात ‘होम सायन्स’ हीच नावे चालतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पाठ्यपुस्तकात जी नवी चित्रे घातली त्यांत मात्र स्त्री आणि पुरुष एकत्र बसून भाजी निवडताना दिसतात.