धंद्यांतील सलगीची भाषा : चौसाळ्याच्या रस्त्यावरून एक टिपण

बीडहून सोलापुराकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्याचा घाट चढून चौसाळ्यास येतो व तेथून येरमाळा, धाराशिव, तुळजापूर करीत सोलापुरास पोंचतो. या रस्त्याच्या दक्षिण भागीं, तुळजापूर-धाराशिव परिसरांत, ‘हॉटेल भाग्यश्री’ नांवाचें मटणाचें एक भोजनगृह अलीकडे महाराष्ट्रभर गाजलें. गाजण्याचें कारण केवळ रस्सा नव्हे. मालकानें स्वतः मोबाइलपुढें उभें राहावें, आज हॉटेल उघडें आहे कीं बंद हें गांवच्या बोलींत सांगावें, आणि ‘यावंच लागतंय’ असा हुकूम सोडावा, ही ती रीत होय. गिऱ्हाइकास ‘कृपया भेट द्यावी’ असें विनविण्याऐवजीं हक्कानें बोलावणारा हा सूर लोकांस इतका आवडला कीं, त्याची नक्कल ठिकठिकाणीं होऊं लागली.

ही जाहिरातीची अगदीं नवी तऱ्हा असून ती मोबाइलाबरोबर जन्मास आली, असें मत आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकलें. तें आम्हांस मान्य नाहीं. साधन नवें आहे, रीत जुनी आहे. आणि ती नवी भासते याचा दोष आमच्याच, म्हणजे इतिहास लिहिणारांच्या, माथीं येतो.

व्यापाराचा इतिहास आम्ही दप्तरांवरून लिहितों. दप्तरांत काय टिकतें? ज्यावर देणें-घेणें वा हक्क अवलंबून असतो तें. हुंडी दर्शनी कीं मुदती, रक्कम शहाजोग द्यावयाची कीं कशी, मूळ हुंडी गहाळ झाल्यास पैठ व तीही गहाळ झाल्यास परपैठ, या सर्वांची भाषा ठरीव मायन्याची. शेटे-महाजनांच्या कागदांत सुद्धां तोच थाट. तेथें सलगीस वाव नव्हता, कारण दूरच्या पेठेंतील अनोळखी सावकारानें कागदावर विश्वास ठेवावयाचा तो मायना, अक्षर आणि पेढीचें नांव पाहूनच. परंतु त्याच पेठेंतील वाणी दारांत उभ्या असलेल्या कुणबिणीशीं या भाषेंत खचित बोलत नसेल. तें बोलणें कोणी लिहून ठेविलें नाहीं, एवढेंच.

चौसाळ्याच्या मुलखापुरतें येथें आणखी एक सांगितलें पाहिजे. हा प्रांत १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्यांत १८८४ च्या सुमारास कचेरीच्या भाषेचें स्थान फारसीकडून उर्दूकडे गेलें. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यास कचेरींत आपलें म्हणणें दुसऱ्याच्या तोंडून मांडावें लागे. दुकानांत तें स्वतःच्या तोंडून मांडतां येई. अशा मुलखांत दुकानदाराची घरगुती बोली ही केवळ गोड बोलण्याची युक्ति नव्हती. तींत गिऱ्हाइकाची कांहीं प्रतिष्ठाहि होती.

सलगीच्या जुन्या खुणा पाहावयाच्या तर दुकानांच्या नांवांकडे वळावें. पुण्यांतील ‘काका हलवाई’ हें दुकान आपला आरंभ १८९२ सालचा सांगतें. मिठाई करणारास काका म्हटलें कीं उधारी मागणें सोपें आणि बुडविणें कठीण होतें. ठाण्याची ‘मामलेदार मिसळ’ मामलेदार कचेरीशेजारची म्हणून त्या नांवानें ओळखली गेली. तिखट मिसळीस अंमलदाराची पदवी मिळावी, हा विनोद कोणा जाहिरातवाल्यास पैसे देऊन सुचता असें वाटत नाहीं. पुणेरी पाट्यांचा उद्धटपणा देखील आम्ही सलगींतच धरतों. परक्यावर कोणी असें खेंकसत नाहीं.

परंतु नांव म्हणजे एक-दोन शब्द. दुकानदाराचें अघळपघळ बोलणें छापून निघालें आणि म्हणून टिकलें, असें ठळक उदाहरण पाहिजे असेल तर किर्लोस्करवाडीस गेलें पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें धंदा मांडला. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर ते करूं लागले. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधाधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलें, आणि १९१० सालीं तेथें कारखाना उभा राहिला. आतां अडचण पाहा. माल शेतकऱ्यासाठीं, शेतकरी गांवोगांव विखुरलेला, आणि कारखाना अशा माळावर कीं जेथें वाट चुकूनहि गिऱ्हाईक येणार नाहीं. दारांत उभें राहून बोलावयाची सोयच नव्हती.

ही अडचण लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनीं ओळखली. हे गृहस्थ मुळांत चित्रकार. १९२० सालीं त्यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक काढलें. कारखान्याची, मालाची व माल वापरणारांची हकीगत गिऱ्हाइकांस कळवावी, हा त्याचा मूळ हेतु. अमेरिकेंत डीअर या नांगरवाल्या कंपनीनें असें एक शेतकरी-पत्र १८९५ पासून चालविलें होतें, तेव्हां कल्पना जगांत अगदींच अपूर्व नव्हती. अपूर्व होतें तें नांव. ‘वृत्त’, ‘समाचार’, ‘पत्रिका’ हे भारदस्त शब्द हाताशीं असतां ‘खबर’ हा चावडीवरचा शब्द निवडला गेला. वृत्त वाचावयाचें असतें. खबर विचारावयाची असते. शब्द अरबी मुळाचा असला तरी मराठी खेड्यांत तो पाहुण्याच्या खुशालीबरोबर येतो. त्या नांवानें कारखाना आणि शेतकरी यांचें नातें विक्रेता-गिऱ्हाईक असें न राहतां सोयऱ्याधायऱ्यांचें झालें. आमच्या मतें या अंकांइतकेंच तें एक अक्षर-त्रय अभ्यासनीय आहे.

कोणी म्हणेल कीं, नांगर खपला तो पोलादामुळें, खबरीमुळें नव्हे. तें खरेंच आहे, व येथेंच सलगीची मर्यादा दिसते. नांगराचा फाळ पहिल्या नांगरटीस मोडता तर ‘खबर’ वाचून शेतकरी अधिकच चिडता. परक्यानें फसविलें तर माणूस नुकसान मोजतो, आपल्यानें फसविलें तर वैर धरतो. सलगीनें गिऱ्हाईक एकदां दारांत येतें. भोजनगृहासहि हाच न्याय लागू आहे. रस्सा पातळ झाल्यावर हुकूम कोण मानतो?

दुसरीहि एक गोष्ट या प्रकरणांत घडली, आणि ती अधिक विलक्षण आहे. घरगुती बोलणें वाढत गेलें व त्यानें दुकानास मागें टाकलें. मासिकांत कथा, लेख, सामाजिक चर्चा येऊं लागली. १९२९ सालीं नांवांतील ‘खबर’ गळून नुसतें ‘किर्लोस्कर’ राहिलें. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें निघालीं. नांगर खपविण्यासाठीं मांडलेली बैठक मध्यमवर्गाचा वाचनकट्टा झाली. वाङ्मयाचा इतिहास यास लाभ म्हणतो. व्यापाराचा इतिहास लिहिणारानें मात्र विचारावें कीं, ज्या शेतकऱ्याशीं बोलावयास हें पत्र निघालें तो या कट्ट्यावर किती काळ बसला. नांव बदलल्यावर सोयरा गेला आणि वाचक आला, असें आम्हांस वाटतें.

‘खबरी’चे अंक छापील होते म्हणून हा प्रश्न विचारतां तरी येतो. चौसाळ्याच्या रस्त्यावरील बोलण्यास तेंहि भाग्य नाहीं. मोबाइलवरील चित्रफीत मालकाच्या वा कंपनीच्या लहरीनें एका क्षणांत पुसली जाते. रंगाऱ्यानें हातानें लिहिलेल्या पाटीवर यंत्रावर छापलेलें कापड चढतें. रस्ता रुंद झाला कीं टपरीच उठते. त्यास जपणारी दप्तरखानी कोठेंच नाहीं.

यास्तव वाचकांपैकीं जे कोणी बीड ते तुळजापूर या रस्त्यानें जात-येत असतील त्यांस आमची विनंति आहे. वाटेंतील पाट्या, हस्तपत्रकें व चित्रफितींतील बोल यांची नक्कल, आहे त्या शुद्धाशुद्धासह, गांव आणि तारीख घालून मंडळाकडे पाठवावी. मजकूर सुधारूं नये. जुन्या खातेवह्यांच्या समासांत गिऱ्हाइकांचीं टोपणनांवें आढळल्यास तींहि पाठवावीं. वही मोडीत असली तरी चालेल.